हूं नाही, चूं नाही

आमच्या घरात जेवताना टीव्ही लावायची वेळ कधी आली नाही. आमची ही होती ना. ताट समोर आलं की हिचं चालू. आणि हिचं चालू झालं की हातातला घास हातात राहायचा आणि तोंडातला बाहेर यायचा, इतकं हसू. त्याच हसण्यानं आमच्या सुनेचं तोंड कसं शिवलं, ते सांगतो. जीभ रेटत नाही, पण सांगतो.

ही मोठ्या दवाखान्यात बाळंतपणाच्या वॉर्डात आया आहे. तोंडावर सगळे मावशी म्हणतात, पाठीमागे तोफ. कामाला वाघ. चादरी बदलायच्या, फरशी पुसायची, अडलेल्या बाईची कंबर चोळायची, सगळं हीच. मनानंही वाईट नाही. एखादीजवळ घरचं माणूस नसलं तर स्वतःच्या डब्यातलं खायला घालील. पण जीभ? त्या जिभेला हाड द्यायचं देव विसरला.

कळा सोसणाऱ्या बाईला ही पहिल्या किंकाळीलाच नाव ठेवायची. मग ते नाव आमच्या घरी जेवायला यायचं. एक होती गायिका. दर कळेला असा आलाप घ्यायची म्हणे की खालच्या मजल्यावरचे पेशंट वर बघायला यायचे. एक वकिलीण. शिकलेली बाई, सगळ्यांना कोर्टात खेचीन म्हणत होती, आणि मोठी कळ आली तशी हिच्याच कमरेला मिठी मारून "मावशी, मला सोडू नका" म्हणून रडली. आणि एक पळपुटी. ती तर सलाईनच्या स्टँडसकट खाटेवरून उतरली आणि म्हणाली, "आज नको, मी उद्या येते."

ही पळपुटी करून दाखवायची तेव्हा एका हातात डाव उभा धरायची, ते सलाईन. आणि पाय फाकवून दारापर्यंत जायची. मुलगा हसता हसता आडवा व्हायचा. मी मांडीवर थाप मारायचो. शेवटी हिचं ठरलेलं वाक्य यायचं, जे ही वॉर्डात प्रत्येकीला ऐकवायची: "आत्ता ओरडून काय उपयोग बाई? ओरडायचं होतं ते नऊ महिन्यांपूर्वी!"

झालं. घर डोक्यावर.

माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट मी पंक्चर काढता काढता गिऱ्हाइकाला सांगायचो, वर माझा थोडा मीठमसाला. लोक म्हणायचे, बुवा, तुमच्या घरात फुकटचा तमाशा आहे. मला त्याचा अभिमान वाटायचा, बघा.

वॉर्डाचाही अभिमान. बाहेरून एक मुलगी मोबाइल घेऊन यायची, बाळंतिणींना विचारायला, की इथली सेवा कशी वाटली, समाधानी आहात का. ही तिच्याबरोबर खाटेखाटेला जायची आणि पायथ्याचा दांडा धरून उभी राहायची. घरी येऊन सांगायची, "आमच्या वॉर्डात एक बाई नाराज नाही. विचारायचा अवकाश, की 'खूप समाधानी'." मी म्हणायचो, "असणारच. तू आहेस ना तिथे." मला त्यात काही वावगं दिसलं नाही. तोफेच्या तोंडाशी उभं राहून कोण नाराज असेल, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही.

आमची सून कपड्यांच्या कारखान्यात काजं करते. बोलणं कमी. हसायची तीही तोंडावर हात ठेवून. पण गोष्टी मन लावून ऐकायची. "आई, पुढे काय झालं?" हे तिचं नेहमीचं. मला वाटायचं, चला, सासू-सुनेचं जमतंय.

दिवस राहिल्यावर तिचे प्रश्न जरा बदलले. एकदा म्हणाली, "आई, त्या पळपुटीला कळलं का, तुम्ही सगळ्या हसलात ते?"

"तिला कसलं कळतंय! तिला स्वतःचं नाव आठवत नव्हतं."

"पण ऐकू तर येत असेल ना?"

"येऊ दे की. बाळ हातात आलं की सगळं विसरतात बाया."

सुनेनं ताटात मान घातली. मी हिला म्हटलं, "अगं, पुढे सांग, पुढे सांग."

दिवस भरत आले तेव्हा तिनं हळूच विषय काढला, की बाळंतपण दुसरीकडे नाही का करता येणार? ही ताटावरून उठायचीच बाकी राहिली. "दुसरीकडे? माझा वॉर्ड सोडून? लोक काय म्हणतील, आयाची सून आणि परक्या दारात? अगं, तिथे माझा शब्द चालतो. राणीसारखं बाळंतपण होईल तुझं."

सुनेनं माझ्याकडे पाहिलं. सासऱ्याकडे सून अशी एकदम बघत नाही, पण तिनं पाहिलं. मी काय म्हणालो? म्हणालो, "घरचा दवाखाना असताना बाहेर कशाला?" आणि भाताकडे वळलो.

त्या दिवशी सकाळीच कळा सुरू झाल्या. मुलगा रिक्षा घेऊन आला. रिक्षात सुनेनं दोन्ही हातांनी पुढचा दांडा धरला होता आणि ओठ असे मिटलेले की पांढरे पडलेले. मी मुलाला म्हटलं, "बघ, कशी धीराची आहे."

वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरनं हिला दारातच अडवलं. "मावशी, आज तुम्ही लेबर रूममध्ये काम करायचं नाही. घरचं माणूस असलं की हात थरथरतो. तुम्ही बाहेरचं बघा." ही म्हणाली, "माझा हात थरथरत नाही." पण सिस्टरपुढे काय चालणार! तरी ही कुठे गप्प बसते. बादली घेऊन आत, फडकं घेऊन आत, काहीतरी विसरलं म्हणून पुन्हा आत. आणि दरवेळी बाहेर आली की आम्हाला बातमी.

"काय सांगू तुम्हाला! हूं नाही की चूं नाही! सगळा स्टाफ विचारतोय, मावशी, ही सून कुठल्या दुकानातून आणलीत?"

मुलगा म्हणाला, "पण आई, ती बरी आहे ना?"

"बरी म्हणजे! अजून वेळ आहे तिला. सिस्टर म्हणाली, इतकी शांत आहे म्हणजे कळांना अजून जोर नाही. आणि शेजारच्या खाटेवर बघ, एक भोंगा आलाय. अहो, भोंगा काय, कारखाना सुटलाय! सगळ्या तिच्याभोवती. आत्ता मी तिला माझं वाक्य ऐकवून आले, नऊ महिन्यांचं. नर्स इतकी हसली, इतकी हसली, की हातातला ट्रे पडला. आज जेवताना सांगते."

भोंगा आम्हाला बाहेरही ऐकू येत होता. "मेले गं! मरते मी! कुणी बघा गं!" ही प्रत्येक हाकेला भुवया उडवून आमच्याकडे बघायची आणि मी दाद द्यायचो. भिंतीपलीकडे बाई मरते म्हणून ओरडतेय आणि इकडे आम्ही बाकावर बसून खुदुखुदु.

आता माझ्या धंद्यातलं एक सांगतो. आवाज करणारं पंक्चर बरं. फुस्स झालं की कळतं कुठे आहे, लावलं ठिगळ. वाईट असतं ते मुकं पंक्चर. कानाला काही लागत नाही, चाक दिसायला शाबूत, आणि भर रस्त्यात माणूस तोंडावर. जन्म गेला माझा यात. तरी भिंतीपलीकडच्या त्या शांततेला मी धीर समजलो.

मग भोंग्याचा आवाज बदलला. "मेले" थांबलं. ती नुसती गरजली, "अगं माझं सोडा! हिच्याकडे बघा! या पोरीचं बाळ बाहेर आलंय!"

आतून भांडी आपटल्याचा आवाज, धावती पावलं, सिस्टरचा ओरडा. हिच्या हातातलं फडकं गळून पडलं. ही आत घुसली. मुलगा उठला, दारापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला.

मूल जन्मलं की रडतं, एवढं तर बाप्यालाही माहीत असतं. आम्ही त्या रडण्याची वाट बघत होतो. भोंगाही गप्प झाली होती. सगळा दवाखाना गप्प झालाय असं वाटलं. मग एक नर्स कापडात काहीतरी गुंडाळलेलं छातीशी धरून आमच्यासमोरून पळत गेली, आणि त्या कापडातून काही आवाज आला नाही. मुलगा तिच्या मागे धावला. मी बाकाला धरून बसलो.

वाचलं बाळ. तुम्हाला टांगून ठेवत नाही, वाचलं. जन्मताना निळं पडलं होतं. काचेच्या पेटीत ठेवलं, नळ्या लावल्या, आणि दुपार कलता कलता रडलं एकदाचं. मुलगी आहे. सुनेचं रक्त फार गेलं होतं. ऐनवेळी आधाराला कुणाचा हात नव्हता, त्यामुळे फाटलंही वाईट. टाके घातले आणि तिला वॉर्डातल्या खाटेवर आणून निजवलं.

मी थर्मासमध्ये चहा घेऊन गेलो तेव्हा खाटेभोवती हिरवा पडदा ओढलेला होता. आत ही बोलत होती. घाबरलेली होती ना, आणि घाबरली की ही चिडते.

"अगं वेडे, कळ आली तर ओरडायचं नाही का? तोंड काय भाड्यानं दिलं होतंस? चादरीचा बोळा कोंबला होतास म्हणे तोंडात! ती शेजारीण बघत नसती तर? काय झालं असतं, कळतं का तुला?"

आतली खाट करकरली.

"बोल की! कुणाची भीती होती तुला? मी होते ना तिथे!"

"हो ना," सून म्हणाली. आवाज इतका बारीक की मला पडद्याजवळ वाकावं लागलं. "तुम्ही होतात."

"म्हणजे?"

"ओरडले असते, तर तुम्ही जेवताना सांगितलं असतं."

माझ्या हातात थर्मास, दुसऱ्या हातात पेले. पेले वाजतील म्हणून मी श्वासही घेत नव्हतो.

"मला काय नाव ठेवलं असतं, आई?" सून म्हणाली. "मी तोच विचार करत होते. दर कळेला. गायिका झाली, वकिलीण झाली. मी कोण होणार? आणि बाबा मांडीवर थाप मारणार. मग दुकानात सांगणार."

वाटलं, फरशी फाटावी आणि थर्माससकट आत जावं. पन्नाशी उलटलेला माणूस मी, पोरीनं एका वाक्यात नागडा केला. आणि ती मला बोलतसुद्धा नव्हती. मी पडद्याबाहेर आहे हे तिला माहीत नव्हतं.

हिचा आवाज आला, घोगरा. "अगं, तुझी गोष्ट मी सांगितली असती का? तू घरची."

"त्याही कुणाच्या तरी घरच्याच होत्या."

पडदा सरला. ही बाहेर आली. मला तिथे पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि समजली की मी ऐकलंय. इतक्या वर्षांच्या संसारात हिनं माझ्यासमोर मान कधी खाली घातली नव्हती. त्या दिवशी घातली. मी पेला पुढे केला तर म्हणाली, "मला नको. तिकडे द्या." आणि बोट दाखवलं शेजारच्या खाटेकडे.

तिथे भोंगा होती. म्हणजे, भोंगा कसली, विशीतली किरकोळ पोरगी. एवढासा चेहरा, घसा बसलेला, कुशीत बाळ. मी चहा दिला. म्हणाली, "काका, तुमची सून बरी आहे ना? तिनं माझा हात धरला होता. बघा." तिच्या मनगटावर नखांचे अर्धचंद्र उमटले होते. "इतका जोर केला तिनं, पण आवाज नाही. मला वाटलं मुकी आहे बिचारी." मी मान हलवली. तिला काय सांगू?

दुसऱ्या दिवशी ती मोबाइलवाली मुलगी आली. गोड, हसरी. ही सवयीनं तिच्याबरोबर निघाली आणि सुनेच्या खाटेच्या पायथ्याशी दांडा धरून उभी राहिली. पाय आपोआप गेले असणार. मी उशाशी स्टुलावर होतो.

मुलीनं विचारलं, "कर्मचारी तुमच्याशी नीट बोलले का?"

सुनेनं एकदा सासूकडे पाहिलं. "हो."

"कळांच्या वेळी कुणी जवळ होतं का?"

"हो."

"तुम्हाला सांगायचं होतं ते सांगता आलं का?"

"हो."

"एकूण समाधानी आहात का? खूप, बऱ्यापैकी, की नाही?"

"खूप," सून म्हणाली. ओठ तसेच, रिक्षातल्यासारखे.

मुलीनं बोटानं टिचकी मारली आणि पुढच्या खाटेकडे वळली. तेवढ्यात ही म्हणाली, "थांब गं."

"काय मावशी?"

"हिला पुन्हा विचार."

"अहो, झालं की. छान उत्तरं दिली त्यांनी."

"ती मला बघून दिली. सगळ्या मला बघूनच देतात. मी बाहेर जाते, मग विचार. त्या शेजारच्या पोरीलाही विचार. सावकाश विचार." आणि माझ्याकडे वळून, "अहो, उठा. तुम्ही पण चला."

सून घाबरून म्हणाली, "आई, नको. राहू द्या."

"राहू द्या नाही," ही म्हणाली. नेहमीचाच दरडावणीचा सूर, पण मध्येच फुटला. "माझं नाव घेऊन सांग. तोफ म्हणतात मला, तेही सांग."

आम्ही बाहेर आलो. हिनं दार ओढून घेतलं. दोघं भिंतीला टेकून उभे राहिलो, वर्गाबाहेर काढलेल्या पोरांसारखे. येणारी-जाणारी नर्स विचारत होती, "काय मावशी, बाहेर?"

आतून बोलण्याची कुजबुज येत होती. शब्द कळत नव्हते. मी म्हटलं, "जरा दाराजवळ जाऊ का?"

"खबरदार!" ही म्हणाली. मग हळूच, "वकिलीण आठवते का तुम्हाला?"

"हो."

"माझ्या कमरेला मिठी मारली होती तिनं. मावशी, मला सोडू नका, म्हणाली होती. माझ्यावर भरवसा टाकला होता हो तिनं. आणि मी ते तुम्हाला डाव घेऊन..."

"डाव पळपुटीला होता," मी म्हणालो. आणि म्हणून झाल्यावर जीभ चावली. बघा, मला सगळं पाठ होतं.

फार वेळानं मुलगी बाहेर आली. हसणं गेलं होतं. आमच्याकडे न बघता, खाली मोबाइलमध्ये बघत निघून गेली. हिनं तिला काही विचारलं नाही. मोठ्या सिस्टरनं मात्र नंतर हिला खोलीत बोलावलं. दार लावून काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. एवढंच म्हणाली, "खरं तेच म्हणाली सिस्टर. आणि ट्रे पाडून हसलेली नर्स माझ्याशी बोलत नाहीये."

सून आणि बाळ घरी आल्यावर बघायला लोक यायला लागले. हिची मावसबहीण आली, शेजारच्या बायका आल्या. चहा झाला. मावसबहीण मांडी घालून बसली आणि म्हणाली, "काय गं, तुझी सून म्हणे हूं नाही की चूं नाही! सगळीकडे झालंय. सांग ना नीट. तुझ्या तोंडून ऐकण्यात मजा आहे."

सून आतल्या खोलीत बाळाला घेऊन पडली होती. दार उघडंच होतं.

बायका सरसावून बसल्या. मीही ऐकत होतो. हिनं पदराला हात पुसले. पुसतच राहिली.

"ओरडली नाही ती," ही म्हणाली. "कारण ओरडणाऱ्या बायांचं मी काय करते, ते तिनं याच घरात बसून ऐकलं होतं. माझ्या भीतीनं चादर कोंबली तिनं तोंडात. पोर जाता जाता राहिली."

एक बाई हसली. तिला वाटलं, आता पुढे गंमत येणार. हिच्या गोष्टी तशाच असायच्या, आधी घाबरवायचं आणि मग हसवायचं. तिनं माझ्याकडे पाहिलं, कारण पहिली थाप नेहमी माझी असायची. माझे हात मांडीवरच होते. मी ते उचलून बगलेत धरले.

"मग पुढे?" मावसबहीण म्हणाली.

"पुढे काही नाही. एवढीच गोष्ट आहे."

बायकांनी कप खाली ठेवले. कुणीतरी बाळाच्या झबल्याचा विषय काढला, तो चालला नाही. थोड्या वेळानं सगळ्या उठून गेल्या.

ही तिथेच बसून राहिली, आतल्या दाराकडे पाठ करून. वळायची हिंमत होत नव्हती तिला. मी कप गोळा करत होतो. आतून सुनेनं हाक मारली, "आई, जरा येता का? हिला धरा, मला कूस बदलायचीय. टाके दुखतायत हो फार."

"दुखतायत" हे तिनं जरा मोठ्यानं म्हटलं. आमच्या घरात तिचा एवढा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

ही उठली आणि आत गेली.